भोपळ्यावरचा काना

मुरुड, जि. लातूर (नवा जिल्हा. पत्ता लिहिताना उस्मानाबाद लिहू नये.)
२ सप्टेंबर १९८२

कु. पंचशीला यांस,
जयभीम.

ज्या क्षणी तुम्ही हसलात, त्या क्षणी माझं कॉलेज संपलं.

लोक म्हणतात, व्यंकटीनं सरांच्या रागानं कॉलेज सोडलं. खोटं आहे. गणिताचे सर पेपर वाटताना सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं "व्यंकटी, भोपळा!" म्हणाले, तेव्हा मी बाकावर बसूनच होतो. मागची पोरं खिदळली, तरी बसून होतो. मग पुढून, मुलींच्या बाकावरून एक हसू आलं. ते हसू मी डोळे झाकूनही ओळखतो. तुमचं होतं. मग उठलो, पेपर तिथंच टाकला, वर्गाचं दार असं आपटलं की वरची खिटी खाली पडली म्हणतात, अन् थेट बसस्टँड. खोलीवरची वळकटीसुद्धा आणली नाही. बस नांदेडच्या बाहेर पडली तशी शपथ घेतली, की ह्या जिल्ह्यात पुन्हा पाय ठेवणार नाही. शहरात नव्हे, अख्ख्या जिल्ह्यात. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. (कॉलेज सोडून.)

तुम्हाला वाटेल, हा आता रडगाणं लिहील. नाही. मी मजेत आहे. पाऊस नाही, विहिरीचा तळ दिसतोय, पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं म्हणून ओल्या फडक्यानं पुसले; पण मी मजेत.

घरी आलो तेव्हा शेजारची नागुबाई ओट्यावर बसली होती. ही आमच्या गल्लीची तोंडपाटलीण. तिला कळल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणाला खोकलासुद्धा येत नाही.

"काय रं व्यंकटी, कालेजातनं काय आणलंस?"

मी चपला काढतोय तोवर आमची आई, सरजाबाई, चुलीपासून ओरडली, "भोपळा आणलाय त्यानं, भोपळा!"

"मग लाव की परसात," नागुबाई म्हणाली, अन् उठून गेली. मला वाटलं, टोमणा मारून गेली. तर खरंच आली, फडक्यात बांधलेल्या बिया घेऊन. माझं डोकं असं सणकलं म्हणता! म्हणलं, भोपळा म्हणता ना? सगळे भोपळा म्हणता ना? मग दाखवतोच भोपळा. त्याच दुपारी परसात न्हाणीच्या भिंतीला लागून आळी केली अन् बिया टोचल्या.

पत्र लिहायचं कारण एकच. तुम्ही का हसलात, ते एका ओळीत कळवा. कार्ड चालेल. मग मी पुन्हा लिहिणार नाही.

आपला,
व्यंकटी


मुरुड, जि. लातूर
१० ऑक्टोबर १९८२

कु. पंचशीला यांस,
जयभीम.

उत्तर आलं नाही. टपालाचा घोळ असणार. जिल्हा नवा, शिक्के जुने. पत्र उस्मानाबादला फिरून येत असेल. म्हणून पुन्हा लिहितो. राग तसाच आहे, गैरसमज नसावा.

बिया उगवल्या. गावात दुसरं काही उगवलं नाही. ज्वारी पेरली ती मातीनं खाल्ली. बाबा, म्हणजे आमचे केरबा, रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जातात अन् संध्याकाळी येऊन माझ्या वेलांकडं असे बघतात जसं पाव्हण्याच्या पोराकडं बघावं. आपलं नाही, पण गोड आहे.

पाणी कुठून, विचारा. टँकरचं पाणी वेलाला घातलं तर आई मलाच पुरील. म्हणून मी अंघोळीचा दगडच उचलून वेलाच्या बुडाशी आणून ठेवला. आता घरात जो न्हाईल तो तिथं बसून न्हाईल. पहिल्या दिवशी बाबा दगडावर बसले, तांब्या डोक्यावर धरला अन् म्हणाले, "व्यंकटी, खरं सांग, ही अंघोळ माझी हाय का भोपळ्याची?"

"दोघांची," मी म्हणालो.

"मग त्यालाच सांग पाठ चोळायला."

नागुबाईलाही पटवलं. ती भांडी राखेनं घासते. म्हणलं, इथंच घास, बी तुझंच आहे. ती राख वेलाला अशी मानवली की पानाला कीड नाही. आता तीन घरच्या बायका आमच्या परसात भांडी घासतात अन् माझ्यावर बोलतात. वेल न्हाणीच्या भिंतीवर चढलाय. मी तुराट्यांचा मांडव घातला. अख्ख्या गावात हिरवं काय असेल तर बाभळी अन् आमचं परस.

अन् मला काम लागलं! लातूरचे महादेवप्पा पेंटर माहीत नसतील तुम्हाला. नवा जिल्हा झाल्यापासून त्यांना जेवायला फुरसत नाही. शाळा, सोसायटी, पंचायत, दवाखाना, जिथं म्हणून "जि. उस्मानाबाद" आहे तिथं पुसून "जि. लातूर" करायचं. मुरुडकडचे बोर्ड त्यांनी मला दिले. माझं अक्षर चांगलं आहे, हे तरी तुम्ही मान्य कराल. तुमच्या प्रयोगवहीवरचं नाव मीच घालून दिलं होतं.

आता ह्यात एक गंमत आहे. उस्मानाबाद लांबलचक अन् लातूर आखूड. पुसलं की बोर्डावर जागा उरते. रिकामी जागा मला बघवत नाही. मी तिथं एक छोटा भोपळा काढायला लागलो, पानासकट. एका शाळेचे हेडमास्तर बाहेर आले, बोर्डाकडं बघत राहिले अन् म्हणाले, "लातूरपुढं हे शून्य कशाला काढलंत?"

शून्य! पंचशीलाबाई, इथं पण!

मी ब्रश डब्यात आपटणार होतो. महादेवप्पांनी हात धरला. म्हणाले, "यप्पा, डोकं थंड ठेव. बोर्ड सरकारी हाय, डोकं आपलं हाय." मग त्या शून्याला देठ जरा जाड काढला.

हसण्याचं कारण कळवावं.

व्यंकटी


मुरुड
५ डिसेंबर १९८२

पंचशीला यांस,
जयभीम.

दिवाळी गेली. तुम्ही मुखेडला घरी गेला असाल. मीही इथं दिवाळी केली. अभ्यंगस्नानाचं पाणी कुणाला गेलं ते सांगायला नको.

भोपळे लागलेत. मांडवाखाली वाकून जावं लागतं. काही लांबमानेचे, काही पोट सुटलेले, ग्रामसेवकासारखे. आईला लई आनंद झाला. दुष्काळात घरची भाजी! तिनं मोठा बघून एक तोडला, विळीवर घेतला, अन् चिरण्याआधी रिवाजाप्रमाणं देठाकडची चकती जिभेला लावली.

मग जे थुंकली! न्हाणीपासून ओट्यापर्यंत थुंकत गेली.

"कडू जहर हाय की रं! नागू, बया, हे कसलं बी दिलंस?"

नागुबाई भिंतीपलीकडून, "मला काय ठावं? माझ्या सासूच्या गाडग्यात व्हतं."

"अगं, मग सासूला का न्हाई खाऊ घातलंस?"

"ती बी अशीच कडू व्हती. तिला काय झालं नसतं."

सगळेच्या सगळे कडू भोपळे, पंचशीला! दुष्काळात घरादाराचं अंघोळीचं पाणी पाजून कडू भोपळे! आईनं वेल उपटायला हात घातला. मी आडवा पडलो. खरंच आडवा पडलो, आळ्यात, चिखलात. म्हणालो, "एकालाही हात लावायचा न्हाई." का म्हणालो ते मलाही सांगता येणार नाही. सगळ्या वर्गानं ज्याला हसावं अन् सगळ्या घरानं ज्याच्यावर थुंकावं, त्याची बाजू घेणारं कुणीतरी पाहिजे की नाही?

बाबांनी वाचवलं. ते म्हणाले, "राहू दे सरजे. कडू भोपळा खायचा नसतो, वाळवायचा असतो. ह्याला पोहायला कशावर शिकवलं मी? कडू भोपळ्याच्या सांगडीवर."

तुला सांगड माहीत आहे का? वाळलेले दोन भोपळे दोरीनं जोडायचे, पोराच्या दोन्ही काखांखाली एकेक यावा असे. मग पोराला विहिरीत ढकलायचं. बुडत नाही. बाबा सांगतात, लहानपणी मी हट्ट केला, मला एकच भोपळा पाहिजे, दोन बांधलेलं पोरींसारखं दिसतं. बाबांनी एकच बांधला. मी पाण्यात पडलो अन् असा कलंडलो की एक कान पाण्यात अन् एक आभाळात. एका भोपळ्यानं माणूस तरंगतो, पण तिरपा.

वर "तुला" लिहून गेलो. खोडलं तर दिसेल, म्हणून राहू दिलं. माफी असावी. पण यापुढं "तुम्ही" लिहायला हात वळेल असं वाटत नाही. राग आलेल्या माणसाला "तू" म्हणायचा हक्क असतो.

तुला पोहता येतं का? अन् तू हसलीस का?

व्यंकटी


मुरुड
२६ जानेवारी १९८३

पंचशीला,
जयभीम.

आज तू आमचं परस बघायला पाहिजे होतंस. (बघायला ये, असं म्हणत नाही.)

भोपळे वेलावरच वाळले. कवच असं टणक झालं, की टिचकी मारली तर लाकूड वाजावं. आतलं बी खुळखुळतं. वेल वाळला, पानं गेली, अन् मांडवावर नुसते भोपळे लटकत राहिले, भुरके, उदास. मी कामावरून आलो, हातात बोर्डाचे उरलेले रंग, डब्याच्या बुडाला थोडा तांबडा, थोडा निळा, थोडा पिवळा. टाकून द्यायचे म्हणून परसात गेलो. अन् टाकवेनात.

पहिला भोपळा पांढरा केला चुन्यानं. त्यावर चष्मा काढला, मिशी काढली. सर! हुबेहूब सर! त्यांना मांडवाच्या मधोमध टांगलं अन् जीव गार झाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं बघून कसंतरी वाटलं, म्हणून ओठ जरा हसरे केले. मग थांबलोच नाही. लांबमानेचे भोपळे बगळे झाले, न्हाणीच्या भिंतीवर रांगेनं बसलेत, पाण्याची वाट बघत. बसकट होते ते तांबे अन् घागरी झाले, निळे, काठोकाठ भरलेले. खरं पाणी नाही तर रंगाचं तरी. बारके होते त्यांना गेरू लावून लिंबाच्या फांदीपासून परसदारापर्यंत दोरीवर माळ केली. वारा आला की अख्खं परस खुळखुळतं.

टँकरच्या रांगेतल्या बाया घागर तिथंच ठेवून बघायला येतात. पहिल्यांदा हसल्या, मग पोरं घेऊन आल्या. आता म्हणतात, व्यंकटीच्या परसात गेलं की दुष्काळ इसरतो. आई, जिनं ते उपटायला घेतले होते, ती आता येणाराला सांगते, "हात लावू नका, नाजूक काम हाय, पोरानं मेहनत घेतलीय." महादेवप्पा येऊन गेले. कमरेवर हात ठेवून सगळीकडं फिरले.

"यप्पा! एवढा रंग बोर्डाला लावला असतास तर जिल्हा चमकला असता."

आता मोठी बातमी. नागुबाईच्या नातीचं, सिंधूचं लग्न ठरलंय. मंडपाला आंब्याचे टहाळे मिळेनात, केळीचे खुंट अर्धापूरवरून आणायला गाडीभाडं परवडेना. नागुबाई आली अन् पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली, "व्यंकटी, तुझ्या परसात करू का रं लग्न? सगळ्या गावात रंग म्हणून एवढाच हाय."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला जीभ उचलली असती तर तिनं तीही राखेनं घासली असती.

वऱ्हाड मुखेडकडचं आहे. मुखेड म्हणल्यावर माझं काय झालं ते लिहीत नाही.

व्यंकटी


मुरुड
१६ फेब्रुवारी १९८३

पंचशीला,

आज जयभीम शेवटी घालतो, आधी श्वास घेऊ दे.

लग्न झालं. सिंधूचं. अन् माझं हसं झालं. पण ऐक, नीट क्रमानं सांगतो.

नागुबाईनं सांगितलं होतं, तथागतांच्या अन् बाबासाहेबांच्या तसबिरी मधे, अन् दोन बाजूंना दोन मोठे भोपळे, त्यावर सुंदर अक्षरात लिही, एकावर त्रिशरण, दुसऱ्यावर पंचशील. मी दोन्ही पांढरे केले, निळ्या रंगात लिहिलं, खाली पाकळ्या काढल्या. मांडवात वर टांगले. माझं आजवरचं सगळ्यात देखणं काम. सगळ्यांनी वाखाणलं.

वऱ्हाड बसलं. सगळीकडं पांढरे कपडे, वर रंगीत भोपळे. वंदना झाली. बौद्धाचार्य वधूवरांकडून पंचशील म्हणवून घ्यायला उभे राहिले, त्यांनी चष्मा वर सरकवला, अन् उजवीकडच्या भोपळ्यावर त्यांची नजर अडकली.

"पेंटर कोण हाय?"

मी ऐटीत हात वर केला.

"अक्षर लई सुरेख. पण एक काना जास्त झाला बाबा. पंचशील पायजे. तुम्ही पंचशीला केलंय."

मी वर बघितलं. खरंच होता! शेवटी एक काना, सरळ, टोकदार, बाकीच्या अक्षरांपेक्षाही जास्त जीव लावून काढलेला. मला आठवेचना कधी काढला. हात आपला सवयीनं पुढं गेला.

मंडप हसला. आमच्याच गल्लीतला एक जण ओरडला, "कालेजात भोपळा का मिळाला ते आज कळलं!" महादेवप्पा पाव्हणे म्हणून बसले होते, त्यांनी कपाळाला हात लावला, "यप्पा, माझं नाव घालवलंस की."

आता तूच सांग, मी काय करायला पाहिजे होतं? चुकलं म्हणून हसून सोडायला पाहिजे होतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण सगळं जग हसून राहिलं होतं, अन् माझं डोकं सणकलं. मी ओरडलो, "चूक न्हाई ती! अर्ध्या तालुक्याचे बोर्ड मी रंगवले. माझ्या ब्रशातनं काना चुकत न्हाई. नाव हाय ते!"

मग कळलं काय बोललो.

वारा पडला. एकही भोपळा वाजेना.

"कुणाचं नाव?" नागुबाई. दुसरं कोण विचारणार?

तेवढ्यात वऱ्हाडातल्या बायकांतून एक बाई उठली. पांढरं लुगडं, हातात पंखा.

"माझ्या लेकीचं बी हेच नाव हाय," ती म्हणाली.

मला तरी अक्कल यायला पाहिजे होती. मी म्हणालो, "असंल की. लई जणींचं असतं."

"नांदेडला कालेजात हाय ती."

माझे कान तापले.

"अन् तिच्या वर्गातलं एक पोरगं दार आपटून गेलं, ते मुरुडचं व्हतं म्हणती. खिटी पडली व्हती म्हणं दाराची." तिनं पंखा मिटला. "तूच व्हय रं ते?"

पंचशीला, तुझी आई! पारूबाई! माझ्या परसात, माझ्या भोपळ्याखाली!

बौद्धाचार्य चांगले माणूस. खाकरले अन् म्हणाले, "त्या कान्याचं मागनं बघू. आधी हे लग्न लावू." लागलं. मी जेवणाच्या पंगतीत वाढायला वाकलो ते मान वर केलीच नाही. सगळे माझ्याकडं बघून हसत होते, पण खरं सांगू का, ते हसू टोचत नव्हतं. बाया तर "पंचशीला, वरण वाढ" म्हणून मलाच हाका मारत होत्या.

पंगती उठल्यावर तुझ्या आईनं मला न्हाणीजवळ बोलावलं. अंघोळीच्या दगडावर बसली. मी उभा.

"तुझी पत्रं येतात तिला."

"मिळाली का? सगळी?"

"दिवाळीला घरी आली तवा ट्रंकेत व्हती. वाचती अन् हसती."

मी म्हणालो, "हसतीच ती. तिला तेवढंच येतं." (माफ कर. तोंडातून गेलं.)

तुझी आई चिडली नाही. म्हणाली, "लहानपणी तिला विंचू चावला, तवा बी हसली. गावभर हसत पळाली, मागनं आम्ही रडत. ती घाबरली का हसती, बाबा. त्या दिशी बी तसंच झालं. तुझ्या मागनं तिचंच नाव व्हतं ना. तिला पेपर कसा गेला ते तिला ठावं व्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तू दार आपटून गेलास, अन् सरांनी दुसरं नाव घेतलं. पंचशीला, भोपळा. ती घरी आली अन् आठ दिवस कुणाशी बोलली न्हाई. तिचे बाबा मास्तर हायत. मास्तराच्या घरात भोपळा आला, इचार कर."

मी खाली बसलो. चिखल होता, तरी बसलो.

सहा महिने मी तुला विचारतोय, का हसलीस, का हसलीस. अन् तू एकदाही लिहिलं नाहीस की माझाही भोपळा आहे! मी दाराबाहेर पाय टाकून एक श्वास थांबलो असतो तर ऐकू आलं असतं. पण मी थांबणारा असतो तर मी कसा असतो?

मग तुझ्या आईनं उठता उठता जे सांगितलं ते लिहितो, कारण त्यापायी मला दोन दिवस भाकर गोड लागली नाही.

"शिमगा झाला का परभणीचे पाव्हणे येणार हायत तिला बघायला. मी माझ्या तोंडानं काय बी बोलणार न्हाई. ज्याला बोलायचंय त्यानं मुखेडला यावं, मास्तरांसमोर बसावं अन् बोलावं. पत्रं लई झाली."

अन् मी, मूर्ख, काय म्हणालो माहीत आहे? "मी नांदेड जिल्ह्यात पाय ठेवत न्हाई. शपथ हाय."

तिनं माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "मग बस इथंच," म्हणाली, "भोपळ्यात."

एक मागते, देतो का, म्हणून निघताना तो उजवीकडचा भोपळा घेऊन गेली. काना जास्त झालेला. मुखेडच्या बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसलेली मी लांबून पाहिली.

मी म्हणालो होतो, कारण कळलं की पुन्हा लिहिणार नाही. कारण कळलं. तरी लिहून राहिलो.

जयभीम.
व्यंकटी


मुरुड
२० मार्च १९८३

पंचशीला,
जयभीम.

तुझं कार्ड काल आलं. पहिलं. उघडं कार्ड, पोस्टमननं वाचलं, पोस्टमनच्या बायकोनं वाचलं, नागुबाईनं वाचून घेतलं, मग माझ्या हातात आलं. गल्लीला पाठ झालंय. तरी मी इथं उतरवतो, कारण माझ्या अक्षरात ते कसं दिसतं ते मला बघायचंय.

"माझं नाव घेईपर्यंत थांबला असतात, तर दोघांनी मिळून दार आपटलं असतं. भोपळा पोचला. बाबांनी तो कपाटावर ठेवलाय अन् रोज बघतात. अक्षर चांगलं आहे म्हणाले, काना चुकीचा म्हणाले नाहीत. एका भोपळ्यानं माणूस कलंडतं असं तुम्हीच लिहिलंत. दुसरा इथं मुखेडला आहे, सुट्टीवर. मला पोहता येत नाही. शिमग्याच्या आधी यावं. दार हळू लावावं."

बस. खाली सहीसुद्धा नाही. नुसता एक काना काढलाय.

मी ते घेऊन मांडवाखाली बसलो होतो. बाबा खडीवरून आले, अंघोळीच्या दगडावर टेकले.

"जात का न्हाईस मग?"

"शपथ घेतलीय बाबा. नांदेड जिल्ह्याची."

"ये खुळ्या, सहा महिनं झालं, तू काय करून राहिलास? एवढा मोठा उस्मानाबाद जिल्हा पुसून वर लातूर लिहिलंस. कुणी रडलं का? शपथ काय बोर्डापेक्षा मोठी हाय का? पूस अन् दुसरं लिही."

आई चुलीपासून ओरडली, "अन् मास्तरांनी इचारलं काय करतोस, तर बोर्ड रंगवतो म्हणू नकोस. जिल्हे काय रोज रोज होत न्हाईत!"

तिचं खरं आहे. बोर्ड संपत आलेत. म्हणून तुझ्या बाबांना मी काय सांगणार ते आधी तुला सांगून ठेवतो. बोर्ड रंगवतो म्हणूनच सांगणार, त्याची लाज नाही. अन् जूनमध्ये पुन्हा त्याच वर्गात, त्याच सरांसमोर बसणार. ते हजेरीला "भोपळा आला का" म्हणतील. म्हणू देत. मी "आलो सर" म्हणेन. मग दुसऱ्या भोपळ्याचं नाव घेईपर्यंत थांबेन. ह्या वेळी थांबेन. पास झालो तर तुझ्या बाबांनी विचार करावा, एवढंच मागणार. अन् तोवर परभणीच्या पाव्हण्यांना चहा पाजून परत पाठवावं, हेही मागणार. आवाज चढू देणार नाही. चढलाच तर तू हसू नकोस. किंवा हस. आता मला कळतं.

हे पत्र टपालात टाकत नाही, स्वतः आणतोय.

सोबत सांगड आणतोय. मांडवातले दोन भोपळे काढले, सगळ्यात टणक, एकसारखे, एकालाही रंग लावलेला नाही. बाबांनी सुताची दोरी वळून दिली अन् गाठ स्वतः मारली, म्हणाले, ही गाठ सुटत नाही, ओली झाली की अजून घट्ट होते. विहिरी कोरड्या आहेत, मला माहीत आहे. पाणी आलं की शिकवतो. तोवर तुमच्या कपाटावर राहील, त्या दुसऱ्याशेजारी.

सरांचा भोपळा मांडवात हसत लटकतोय. त्याला सांगितलं, येतो.

आई भाकऱ्या बांधून देतेय अन् रडतेय, बाबा तिला म्हणतायत, पोरगं मुखेडला चाललंय, मुंबईला न्हाई. नागुबाई ओट्यावर बसलीय, विचारतेय, "काय रं, आता काय आणशील?" तिला कळलंच आहे.

अहमदपूरवरून जाणारी गाडी सुटायची वेळ झाली. सांगड खांद्यावर घेतली, चालताना दोन्हीतलं बी एकदमच खुळखुळतं.

ही शेवटची ओळ परसदाराच्या बाहेर उभा राहून, दाराच्या फळीला कागद टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर असं वाकडं. दार ओढून घेतलं. हळू. आतला एकही भोपळा वाजला नाही.